मी बेड्याबेड्यापाशी का थांबत होतो

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पाय वाचतो की जातो या काळजीत कुणी पुढे वाचायला नको. पाय गेला. तो जात होता तेव्हा आम्ही घरातली माणसं काय करत होतो, ते मला लिहायचं आहे. कुणाच्या तरी घरात आजही तेच चाललं असेल.

मी विजेच्या खात्यात लाइनमन होतो. आचऱ्याच्या आसपासच्या वाड्यांतून तीस वर्षं खांब चढलो. वादळात तारा पडल्या की लोक मला शिव्या घालायचे, मी त्यांना घालायचो, आणि गावाशी माझं बोलणं बहुतेक तेवढंच. लोक मला घुम्या म्हणत आणि त्यात खोटं काही नव्हतं. कामाशी काम, घरी आल्यावर पडवीत बसून विडी. दिवसाला एक कट्टा तरी सहज. विडीचा संबंध पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच कबूल केली.

बोलका झालो

निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. सकाळी घरून तिठ्यावर, म्हणजे तीन रस्त्यांच्या नाक्यावर, जायचं, मासळी मिळाली तर घ्यायची, पेपर घ्यायचा आणि परत यायचं, एवढाच माझा दिवसाचा फेरा. खात्याची सवय, अंतर मी खांबांनी मोजतो. घर ते तिठा अकरा खांब.

एक दिवस पाचव्या खांबापाशी डावी पोटरी पिळवटली. ओलं धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावं तशी. मी उभा राहिलो. दोन-तीन मिनिटांत दुखणं असं गेलं की जणू झालंच नव्हतं. पुन्हा चालायला लागलो, पुन्हा पाच खांब, पुन्हा तेच. चढ असला तर तीन खांबांतच.

मी उभा होतो तो नेमका बाबीच्या बेड्यासमोर. बेडं म्हणजे आमच्याकडे दगडी गडग्यात आडवे वासे घालून केलेलं फाटक. बाबी माझा शाळेपासूनचा सोबती. तो आतून ओरडला, "काय रे, कित्याक थांबलस?"

"तुझो माड बघतंय," मी म्हटलं. "वाकलो हा बरोच."

तो बाहेर आला, माडावरून बोलणं निघालं आणि पोटरी गप्प झाली. मला युक्ती सापडली.

आमच्या भागात कुणाच्या बेड्यापाशी उभं राहायला कारण लागत नाही. आतल्यानं "खंय चाललास?" विचारायचं आणि बाहेरच्यानं दोन मिनिटं उत्तर द्यायचं, ही रीतच आहे. मी जन्मभर ती टाळली होती. आता पोटरी पिळवटली की जवळच्या बेड्यापाशी थांबू लागलो. कुणाच्या गाईची चौकशी, कुणाच्या मुंबईच्या मुलाची, कुणी पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्यांची. पोटरी मोकळी झाली की म्हणायचं, "येतंय मगे," आणि पुढचं बेडं गाठायचं. लाइनमनला चालवत नाही हे गावाला कळण्यापेक्षा मला ते सोपं वाटलं.

लोक खूश झाले. बायकोला, सुनंदाला, देवळात बायका म्हणाल्या, "तुझो घोव आता बोलता हां." ती घरी येऊन मला म्हणाली, "रिटायर झालास आणि बरे माणसात इलास." तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला कसंतरीच झालं. पण बोललो नाही.

कंबर

अकरा खांबांत दोनदा थांबायचो ते चारदा थांबू लागलो. मग सुनंदाला एवढंच सांगितलं की पाय दुखतो. निदान करायला आमच्या वाडीला डॉक्टर लागत नाही. बाबी म्हणाला, "खांब चढान चढान कंबर गेली तुझी. शीर दबली." सुनंदालाही तेच वाटलं. खरं सांगायचं तर मलाही ते आवडलं. कामानं कंबर गेली म्हणण्यात एक मान आहे.

शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. सुनंदा बरोबर होती. त्यांनी नीट विचारलं, दुखणं कमरेतून खाली उतरतं का? मी हो म्हटलं, कारण कंबरही दुखायचीच. तीस वर्षं पट्टा बांधून खांबावर लटकल्यावर कुणाची दुखणार नाही? मग त्यांनी विचारलं, "चालताना मध्येच थांबावं लागतं का?"

मी म्हटलं, "नाही. तिठ्यापर्यंत रोज जातो."

देवाशपथ, तेव्हा ते मला खोटं वाटलं नाही. मी थांबत नव्हतो, मी बोलत होतो. इतके महिने लोकांना फसवता फसवता मी स्वतःलाही फसवून ठेवलं होतं.

फोटोत मणक्यांमधली जागा कमी झालेली दिसली. माझ्या वयाच्या बहुतेकांची दिसते, असं पुढे कळलं. डॉक्टरांना मी दोष देत नाही. मी जे सांगितलं त्यावर त्यांनी औषध दिलं. कमरेला पट्टा आला, व्यायाम आले, आणि दारातून बाहेर पडता पडता सुनंदानं विचारलं, "शेक दिलेलो चलात?" ते म्हणाले, कमरेला द्या.

वाळूचा शेक

आमच्याकडे शेक वाळूचा. किनाऱ्यावरची बारीक वाळू चाळून, लोखंडी कढईत तापवून जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची. सुनंदा रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की पडवीत बसून शेक द्यायची. सुरुवात कमरेला झाली, पण शीर खाली उतरते म्हणून शेकही खाली उतरला. मांडी, पोटरी आणि मग टाच.

तिचा हात माझ्या पायावर असायचा. ती म्हणायची, "पाय थंड लागता हो तुमचो." मी म्हणायचो, वारा लागला असेल. नडगीवरचे केस झडले होते, त्याला मी वय म्हटलं. नखं जाड झाली होती, तेही वयच.

ती पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची. मलाच ती गार वाटायची. एके दिवशी मी म्हटलं, "आणखी तापव गो. टाचेक कायच लागणा नाय."

"माका हातात धरूक होणा नाय, इतकी गरम आसा," ती म्हणाली.

"तरी दी."

तिनं दिली.

दुसऱ्या दिवशी टाचेवर सुपारीएवढा फोड होता. दुखत नव्हता, म्हणून मला बरंच वाटलं. फोड फुटला. हळद लावली, मलम लावलं. एका आठवड्याची जखम पाच आठवडे राहिली आणि तिच्या कडा काळ्या पडायला लागल्या. आता आडवा पडलो तरी पाय दुखायचा आणि खाटेवरून खाली सोडला की जरा बरा वाटायचा.

तो दिवस

आमची लेक शुभांगी कुडाळला शाळेत शिकवते. ती आली, पट्टी सोडली, आणि बापाला कधी बोलली नव्हती तसं बोलली. तासाभरात रिक्षा आणून आम्हा दोघांना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होती. आमच्याच जिल्ह्यातली, म्हणून म्हाताऱ्यांशी मालवणीत बोलायची. तिनं जखम बघितली आणि कंबरपट्ट्याकडेही बघितलं. मग तिनं जे विचारलं ते आधी कुणी विचारलं नव्हतं.

"काका, घरातसून तिठ्यार जायसर किती जणांवांगडा बोलतास?"

मी गोंधळलो. म्हटलं, "सगळ्यांवांगडा. बेड्याबेड्याकडे."

"आधीपासून बोलतास काय आता आता?"

शुभांगी म्हणाली, "आता आता."

"आणि बोलताना पाय दुखता?"

"नाय."

"बसाचा लागता? वाकाचा लागता? काय नुसते उभे रवलास तरी दुखणा थांबता?"

"नुसतो उभो रवलंय तरी थांबता."

तिनं खुर्ची पुढे ओढली. पायाच्या वरच्या बाजूला बोटं ठेवली आणि थांबली. मग घोट्याच्या आत. मग गुडघ्यामागे. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. दंडाला बांधून बीपी घेतात तो पट्टा तिनं घोट्याच्या वर बांधला, एकदा, दोनदा, मग दुसऱ्या पायाला.

"काका, ह्या पायात ठोके गावणत नाय," ती हळूच म्हणाली. मग तिनं समजावलं ते मी इथे तसंच देतो, कारण यासाठीच हे लिहायला बसलो.

"कमरेतली शीर दबान दुखता त्या माणसाक नुसता उभ्यान बरा वाटणा नाय. तो बसता, नायतर पुढे वाकता. वाकान दिवसभर भात लावीत, पण देवळात आरतीक उभो रवाक जमाचा नाय. तुमचा उलट. उभे रवलास काय दुखणा गेला, चाललास काय इला. तितक्याच अंतरार. ह्या रगताचा दुखणा. पायाक रगात पोचणा नाय."

मग तिनं जखमेवरून विचारलं, "ह्या भाजला कशान?"

सुनंदा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "मी. माझ्या हातान."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की आणखी तापव म्हणणारा मी होतो. ती नको म्हणत होती. मी तोंड उघडलं नाही. पाय गेल्याचं दुःख मी कसंतरी पचवलं आहे, पण त्या खोलीतलं ते गप्प राहणं अजून पचलेलं नाही.

गोव्याचं हॉस्पिटल

दुसऱ्या दिवशी गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात भरती झालो. जांघेतून नळी घालून बंद वाहिन्या उघडायचा प्रयत्न झाला. माझ्या भाषेत सांगायचं तर वरची मेन लाइन चालू झाली, पण खालच्या घरांत उजेड पडला नाही. विडी आणि वर रक्तातली थोडी साखर, दोघींनी मिळून खालच्या तारा कधीच जाळल्या होत्या.

सकाळी सहाला चहा, सातला ड्रेसिंग, नवाला डॉक्टरांचा राउंड. ड्रेसिंग करणारी सिस्टर कधी खोटं बोलली नाही. दुखणार असेल तर "आता दुखेल" म्हणायची, आणि झालं की "आता संपलं." तेवढ्याचा मला फार आधार होता. घरचे सगळे "काय होणार नाही" म्हणत होते, आणि ते ऐकलं की माझी भीती वाढायची.

शेजारच्या खाटेवर इन्सुलीचे एक आबा होते, माझ्याहून मोठे. त्यांना पाठीचं ऑपरेशन सांगितलेलं. त्यांना बाथरूमच्या रांगेत दोन मिनिटं उभं राहवायचं नाही, मटकन खाली बसायचे. पण जेवणाची ढकलगाडी आली की तिच्यावर वाकून, वॉर्डबॉय मामाला बाजूला सारून, अख्ख्या वॉर्डाला ताटं वाटत फिरायचे. एकदाही थांबायचे नाहीत. गंमत म्हणजे त्यांच्या गावानं त्यांना "रगात घट झाला" म्हणून काढे पाजले होते, आणि माझ्या गावानं मला कंबरपट्टा बांधला होता. आम्ही दोघं त्यावर पोट धरून हसलो. हॉस्पिटलात हसलो तो तेवढाच.

टाचेचं काळं वर सरकायला लागलं. बोटं गेली तर पाऊल वाचेल, पाऊल गेलं तर गुडघा वाचेल, असं करत करत डॉक्टर एका सकाळी खाटेवर बसले. उभे न राहता बसले तेव्हाच मी समजलो. कागदावर मी सही केली आणि शेजारी सुनंदानं केली. मी खूप घाबरलो होतो. तिला म्हटलं, "काय नाय गो."

शुद्धीवर आलो तर नसलेल्या पायाचा अंगठा खाजत होता. चादरीखाली एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला चादर सपाट. त्या सपाट चादरीकडे बघून मी लहान मुलासारखा रडलो.

एक गोष्ट मला सहा महिन्यांनी शुभांगीनं सांगितली. कापलेल्या पायाचं काय करायचं, असं तिथे घरच्यांना विचारतात. न्यायचा तर नेता येतो, नाहीतर हॉस्पिटल विल्हेवाट लावतं. शुभांगीनं हॉस्पिटलवर सोपवला. सुनंदा म्हणाली, एक मिनिट थांबा. मामांनी ते गुंडाळलेलं खाली ठेवलं. तिनं पदर डोक्यावर घेतला, वाकली, त्या पायाला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाली, "चुकी झाली माझी."

घरी

आता मी कृत्रिम पाय लावून, काठी घेऊन चालतो. विडी तालुक्याच्या दवाखान्यातून निघालो तेव्हाच सुटली. पाय गेल्यावर सोडून काय उपयोग, असं बाबी म्हणाला. उपयोग असा की उजव्या पायातल्या वाहिन्याही चिंचोळ्या झाल्या आहेत आणि माझ्याकडे तिसरा पाय नाही. रोज चालायचं, दुखलं की थांबायचं, पुन्हा चालायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, तळवा रोज बघायचा, शेक कसलाही नाही, आणि पोटरी पहिल्यापेक्षा लवकर दुखू लागली तर त्याच दिवशी कळवायचं. हे सगळं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे.

तळवा मी हातआरशात बघतो, कारण सुनंदा त्या पायाला हात लावत नाही. जेवण, औषध, कृत्रिम पायाचे पट्टे, सगळं करते. पाय सोडून. आंघोळीचं पाणी इतकं कोमट देते की थंडीत दात वाजतात. वाळूची कढई तिनं कुणाला देऊन टाकली. कुणाला, ते मी विचारलं नाही. हल्ली ती देवळातही जात नाही. बायका विचारतात, कसा भाजला म्हणून.

गेल्या आठवड्यात सकाळी ती खळ्यात कोकमं वाळत घालत होती. मी पायरीवर बसलो होतो. शुभांगीनं सांगितलेली नमस्काराची गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. शेवटी मी बोललो.

म्हटलं, "आयक. पाय तुझ्या हातान गेलो नाय. सात म्हयने माका चालवणा नाय होता. मी बेड्याबेड्याकडे दुखता म्हणान उभो रवत होतंय. डॉक्टरान इचारला तेवा खोटा सांगलंय. वाळू आणखी तापव, ता पण मीच म्हटलंय. सगळा माझा आसा."

ती कोकमं पसरत राहिली. मला वाटलं, ऐकलं नाही.

"माका ठावक होता," ती म्हणाली.

"काय ठावक होता?"

"तुमी उभे रवतास ता. थयसर मुंबयवाल्यांचा बंद घर आसा ना, तेच्या बेड्याकडे उभे रवान तुमी बोलत होतास. आत कोण नाय. हातवारे करून बोलत होतास. आपल्या मागल्या परड्यातसून ता दिसता, मी बघलंय. चार-पाच वेळा बघलंय."

मला आठवलं. त्या घराच्या अलीकडे-पलीकडे वस्ती नाही. रस्त्यानं कुणी येताना दिसलं की मी बंद घराशीच बोलायला लागायचो.

"मगे इचारलंस कित्याक नाय?"

"माका वाटला, तुमचा डोक्या गेला. माझ्या आयेचा तसाच झाला होता. ती पण भिंतीवांगडा बोलायची." तिनं हात कपाळावर ठेवला, कोकमाचा लाल डाग लागला. "मी भियालंय. कोणाक सांगूक नाय, शुभांगीक सुदा नाय. डॉक्टरान इचारला, थांबाचा लागता काय, तेवा मी थयच होतंय. माका वाटला, आता मी सांगलंय तर तुमका येड्यात काढतले. म्हणान गप रवलंय."

मी तिच्यापासून पोटरी लपवत होतो, ती माझ्यापासून माझंच वेड लपवत होती. दोघांनी एकमेकांची अब्रू राखली आणि पाय घालवला. मला तिचा राग आला नाही. इतकं वाईट वाटलं की काय करावं कळेना.

ती उठली. हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या पायरीच्या खालच्या पायरीवर येऊन बसली. माझा उजवा पाय उचलून तिनं मांडीवर घेतला. हॉस्पिटलातून आल्यापासून पहिल्यांदा. तळव्यावर हात फिरवला, मग वरच्या बाजूला डॉक्टरीणबाईनं ठेवली होती तशी दोन बोटं ठेवून बराच वेळ बसली. तिला काय लागलं कुणास ठाऊक.

"ह्या पायाचा आता खरा सांगा," ती म्हणाली.

मी कोकमांकडे बघत राहिलो.

"पंधरा दिस झाले," मी म्हटलं. "पोटरी."

ती ओरडली नाही आणि रडलीही नाही. पाय सावकाश खाली ठेवला आणि आत जाऊन शुभांगीला फोन लावला. सोमवारी गोव्याला जायचं आहे. डॉक्टरांसमोर या वेळी ती बोलणार आहे, मी नाही.